मुंबईतील गर्भारपणाचा पंडुरोग : ल्यूसी विल्स यांचे संशोधन आणि त्याचा सामाजिक संदर्भ (१९२८-१९३८)

प्रास्ताविक

गरोदर स्त्रीला दिल्या जाणाऱ्या लोह व फोलिक आम्लाच्या गोळीला आज कोणी नवल मानत नाही. ग्रामीण आरोग्य उपकेंद्रापासून शहरातील प्रसूतिगृहापर्यंत ती सर्वत्र मिळते. या गोळीतील एका घटकाचा इतिहास मात्र थेट परळच्या हाफकिन संस्थेपर्यंत जाऊन पोहोचतो, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी फारशी लक्षात घेतलेली नाही. इंग्रजीत ल्यूसी विल्स यांच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन ‘एका इंग्रज विदुषीने मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांचा रोग बरा केला’ अशा एका वाक्यात मावणारे आहे. हे वाक्य खोटे नाही. परंतु त्यातील ‘गिरणीकामगार स्त्रिया’ आणि ‘एका विदुषीने’ हे दोन्ही शब्दप्रयोग तपासून घ्यावे लागतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः तोच प्रयत्न केला आहे.

गर्भारपणातील पंडुरोगाची ओळख आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेत पांडुरोगाच्या प्रकारांत मृद्भक्षणज, म्हणजे माती खाल्ल्याने होणारा, असा एक स्वतंत्र प्रकार सांगितला आहे. गरोदर बाईला माती, खापरी, भाजलेली ढेकळे खाण्याचे डोहाळे लागतात, हे तर घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असे. आधुनिक वैद्यक माती खाण्याला रोगाचे कारण न मानता पुष्कळदा लोहाच्या उणिवेचे लक्षण मानते. बाळंतपणानंतर अंगाला सूज, चेहऱ्याला पांढुरकेपणा, धाप आणि जुलाब असे चित्र दिसले की त्याला सरसकट ‘बाळंतरोग’ म्हटले जाई. त्या एका शब्दाखाली जंतुसंसर्ग, क्षय, रक्तस्राव आणि पंडुरोग अशा कितीतरी निरनिराळ्या व्याधी दडलेल्या असत.

पाश्चात्त्य वैद्यकातही हा गुंता होताच. बोस्टनचे वॉल्टर चॅनिंग यांनी १८४२ मध्ये प्रसूतीशी निगडित रक्तक्षयाचे वर्णन केले. १९१९ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी गर्भारपणातील व प्रसूतीनंतरच्या तीव्र पंडुरोगाचे वर्गीकरण करण्याचा यत्न केला. यातील एक प्रकार असा होता की त्यात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या भयावह रीतीने घटते, पण उरलेल्या पेशी आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असतात. हे चित्र ‘पर्निशस ॲनिमिया’ या घातक रोगाशी मिळतेजुळते असल्याने त्याला ‘गर्भारपणाचा पर्निशस ॲनिमिया’ असे नाव पडले. या नावाने पुढे बरीच दिशाभूल केली. कारण मूळ पर्निशस ॲनिमिया हा मुख्यतः उतारवयात दिसणारा, जठरातील आम्ल नाहीसे करणारा आणि उपचाराविना हमखास जीव घेणारा रोग होता. याउलट गरोदर स्त्रीचा हा पंडुरोग, ती बाळंतपणातून वाचलीच तर, हळूहळू आपोआप ओसरत असे आणि पुढच्या खेपेस पुन्हा उद्‌भवत असे.

मुंबईत हा प्रश्न कसा उभा राहिला

मार्गारेट बॅल्फर या स्कॉटिश डॉक्टर १८९२ मध्ये हिंदुस्थानात आल्या. डफरिन फंडाच्या (स्थापना १८८५) आणि पुढे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसच्या कामात त्यांचे आयुष्य गेले. निवृत्तीच्या वयात त्यांनी जे काम हाती घेतले ते मातामृत्यूंच्या चौकशीचे होते. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेने, म्हणजे १९४९ पासून जी भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद म्हणून ओळखली जाते तिच्या पूर्वरूपाने, या चौकशीला साहाय्य केले. प्रसूतीच्या वेळी दगावणाऱ्या स्त्रियांमध्ये या मोठ्या पेशींच्या पंडुरोगाचे प्रमाण लक्षणीय असल्याचे बॅल्फर यांना जाणवले होते. रोग आधीच अंगात असलेल्या स्त्रीला प्रसूतीच्या वेळचा थोडासा रक्तस्रावही सोसत नाही आणि त्यानंतरचा संसर्गही तिला पेलत नाही, ही साधी गोष्ट मृत्यूच्या नोंदवहीत मात्र कधी ‘रक्तस्राव’ तर कधी ‘ताप’ म्हणून नोंदली जाई.

बॅल्फर यांच्या निमंत्रणावरून १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स मुंबईस आल्या. १८८८ मध्ये जन्मलेल्या विल्स यांनी केंब्रिजच्या न्यूनम महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व भूशास्त्राचा अभ्यास केला होता आणि १९२० मध्ये लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यक विद्यालयातून त्या वैद्यकीय पदवीधर झाल्या होत्या. रॉयल फ्री रुग्णालयातील प्रयोगशाळेत गर्भारपणातील चयापचयावर त्यांनी काम केले होते. व्यवसाय करण्याऐवजी प्रयोगशाळा निवडणारी डॉक्टर स्त्री त्या काळी इंग्लंडमध्येही विरळाच होती.

त्यांचे कामाचे ठिकाण होते हाफकिन संस्था. १८९९ मध्ये प्लेगच्या साथीत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आलेली ही प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करीत होती. तिच्या भोवती गिरणगाव पसरला होता. विल्स आल्या त्याच वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे दीड लाख गिरणीकामगारांचा प्रदीर्घ संप होऊन गेला होता. वैद्यकीय चरित्रकार या संपाचा उल्लेख करीत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते तो करणे अगत्याचे आहे. ज्या शहरातील गरीब स्त्रियांच्या आहाराची पाहणी व्हायची होती, त्या शहरातील हजारो चुली नुकत्याच सहा महिने अर्ध्या विझल्या होत्या. संपाचा आणि पंडुरोगाचा थेट संबंध दाखविणारा पुरावा या पाहणीत नाही, तरी तिचा काळ विसरून ती वाचता येत नाही.

मुळात संप नसतानाही परिस्थिती काय होती? मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची जी पाहणी १९२३ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यातील एक निष्कर्ष त्या काळी चांगलाच गाजला. कामगाराला मिळणारे धान्य दुष्काळसंहितेने ठरविलेल्या कमाल मापाइतके, परंतु मुंबईच्या तुरुंगांतील कैद्याच्या शिध्यापेक्षा कमी भरते, असे सरकारी अहवालच सांगत होता. हे माप धान्याचे होते. भाजी, दूध, डाळ, मांस यांची गोष्ट वेगळीच. शिवाय हे माप कुटुंबाचे होते. पुरुष जेवले, मुले जेवली, मग उरले ते घरच्या बाईचे, हा घरातला वाटपाचा नियम कोणत्याही जमाखर्चाच्या तक्त्यात उतरत नाही.

याच सुमारास बाळंतपणाचा प्रश्न कायदेमंडळातही पोहोचला होता. गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतीविषयी सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांचा अहवाल १९२२ मध्ये ‘लेबर गॅझेट’मध्ये आला होता. पुढे मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आले तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. प्रसूतीच्या आधी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, तरी स्त्रियांच्या श्रमाचा लाभ घेणारा कारखानदारही त्यातून मोकळा राहू शकत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. १९२९ मध्ये हा कायदा संमत झाला. प्रसूतिसाहाय्याचा हा देशातील पहिला कायदा होय. कौन्सिलातील वादविवाद आणि हाफकिनमधील प्रयोग यांच्यात प्रत्यक्ष देवाणघेवाण झाल्याचे दिसत नाही, परंतु दोन्हींचा विषय एकच स्त्री होती.

गिरणगाव की मोहल्ला?

विल्स यांच्या संशोधनाचे निबंध ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये १९३० पासून क्रमशः प्रसिद्ध झाले. पहिला प्राथमिक निबंध विल्स आणि एम. एम. मेहता यांचा आहे. दुसरा विल्स आणि तळपदे यांचा असून त्याचा विषय मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीच्या आरोग्यदृष्ट्या स्थितीची पाहणी हा आहे. इतिहासाच्या दृष्टीने या मालिकेतील सर्वांत मोलाचा निबंध हा दुसराच होय, असे म्हणावेसे वाटते. वैद्यकाच्या इतिहासकारांनी मात्र त्याला पायरीचा दगड समजून ओलांडले आहे.

निरनिराळ्या थरांतील व समाजांतील स्त्रियांच्या आहाराची तुलना केल्यावर या पाहणीत असे आढळले, की गरीब मुसलमान स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता आणि गर्भारपणात या पंडुरोगाला बळी पडण्याचे प्रमाणही त्यांच्यातच सर्वाधिक होते. प्रथिने, फळे आणि भाजीपाला यांची त्यांच्या ताटात वानवा होती.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. प्रचलित कथनात या स्त्रिया ‘गिरणीकामगार’ ठरल्या आहेत. पण त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया, ज्यांचे प्रमाण एकूण कामगारांत सुमारे एक पंचमांश होते आणि ज्या प्रामुख्याने वाइंडिंग व रीळ खात्यांत असत, त्या बहुतांशी रत्नागिरी, सातारा अशा कोकण-घाटावरील जिल्ह्यांतून आलेल्या मराठी हिंदू व दलित स्त्रिया होत्या. मुसलमान विणकर पुरुष गिरण्यांत मोठ्या संख्येने होते, परंतु त्यांच्या घरच्या स्त्रिया क्वचितच गिरणीत जात. म्हणजे सर्वाधिक पीडित असलेली स्त्री ही बहुधा गिरणीत काम करणारी नसून कामगाराच्या, कारागिराच्या किंवा लहानसहान फेरीवाल्याच्या घरात कोंडलेली, स्वतःची कमाई नसलेली स्त्री होती. गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतीवर बॅल्फर आणि तळपदे यांचा वेगळा निबंध १९३० मध्येच ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये आला आहे. नंतरच्या लेखकांनी या दोन पाहण्यांची सरमिसळ केली असावी, असा तर्क करता येतो.

हा फरक केवळ तपशिलाचा नाही. कमावत्या स्त्रीच्या हाती थोडा पैसा असतो, बाजारात तिचा पाय पडतो, गावाकडून येणारे धान्य-कडधान्य तिच्या खोलीत पोहोचते. तिचे श्रम अधिक असूनही तिचा आहार तुलनेने बरा असू शकतो. दुसरीकडे, तत्कालीन इंग्रज वैद्यकीय लेखनाला ‘पडदा’ या एका शब्दात मुसलमान स्त्रीच्या साऱ्या व्याधींचे कारण सापडे. कॅथलीन वॉन यांचे पडदापद्धती आणि मातृत्व या विषयावरील पुस्तक १९२८ चेच. हाडे मऊ होण्याच्या रोगाच्या बाबतीत सूर्यप्रकाशाच्या अभावाचा हा युक्तिवाद बराच खराही होता. पण पंडुरोगाच्या बाबतीत विल्स यांनी पडद्याऐवजी ताटाकडे पाहिले, हे त्यांचे श्रेय. धर्म हा त्यांच्या पाहणीतील वर्गीकरणाचा कप्पा होता. रोगाचे कारण मात्र त्यांनी अन्नात शोधले. तरीही, धर्मावर वर्गीकरण करताना उत्पन्नाचा परिणाम कितपत वेगळा काढता आला, ही शंका आजच्या वाचकाला येणे स्वाभाविक आहे.

उंदीर, माकड आणि यीस्ट

१९२६ मध्ये मायनट व मर्फी यांनी पर्निशस ॲनिमियाच्या रोग्यांना रोज मोठ्या प्रमाणात यकृत खाऊ घालून बरे केले होते. त्यासाठी व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईतही यकृताचा अर्क देऊन गरोदर रोगी बऱ्या होत. मग अडचण कोणती? अडचण होती ती किमतीची, आणि काही घरांत अभक्ष्यतेचीही. रोगाचे खरे कारण कळल्याशिवाय स्वस्त पर्याय सापडणार नव्हता.

१९२९ च्या उन्हाळ्यात विल्स यांनी आपले काम निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत हलविले. तेथे रॉबर्ट मॅककॅरिसन हे आहारशास्त्राचे संशोधन करीत होते. मुंबईच्या गरीब मुसलमान स्त्रियांच्या आहारासारखा आहार उंदरांना देण्यात आला. त्यांच्यात पंडुरोग दिसू लागला आणि गाभण माद्या विण्यापूर्वीच मरू लागल्या. यीस्ट दिल्यास हा पंडुरोग टळे. निष्कर्ष आकर्षक होता, पण पुढे असे लक्षात आले की उंदरांच्या अंगावरील उवांमधून पसरणाऱ्या जंतूंनीही त्यांना पंडुरोग होत असावा. तेव्हा उंदरांवरील पुरावा संशयास्पद ठरला. विल्स यांनी तो ओढूनताणून राखला नाही. एच. एस. बिलिमोरिया यांच्यासह त्यांनी माकडांवर नव्याने प्रयोग केले आणि निकस आहाराने मोठ्या पेशींचा पंडुरोग उत्पन्न करता येतो हे १९३२ च्या निबंधात मांडले.

प्रयोगशाळेतून रुग्णशय्येकडे येताना यीस्टच्या अर्काचा स्वस्त व तयार प्रकार म्हणून त्यांनी ‘मार्माइट’ निवडले. मद्य गाळण्याच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टपासून केलेला हा काळसर, खारट, घट्ट पदार्थ इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात. त्याच्या चवीविषयी इंग्रजांतही दोन तट आहेत, तेव्हा मुंबईच्या स्त्रियांनी तो कोणत्या तोंडाने गिळला असेल याची कल्पनाच केलेली बरी. परिणाम मात्र झपाट्याने दिसला. रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींची लाट उसळे, भूक परत येई आणि अशक्तपणा ओसरू लागे. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९३१ च्या प्रारंभी विल्स यांनी मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयातही काम केले होते.

या रोग्यांच्या जठरात आम्ल होते, हे विल्स यांनी दाखविले. म्हणजे नामसाम्य असले तरी हा मूळ पर्निशस ॲनिमिया नव्हे. निर्णायक पुरावा आणखी काही वर्षांनी आला. यकृताचा अर्क अधिकाधिक शुद्ध करण्याची पद्धत १९३० नंतर रूढ झाली होती, आणि तो शुद्ध अर्क पर्निशस ॲनिमियावर उत्तम चालत असे. विल्स यांनी नोव्हेंबर १९३७ ते जानेवारी १९३८ या काळात पुन्हा हाफकिन संस्थेत येऊन काम केले. बार्बारा इव्हान्स यांच्यासह १९३८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध याच प्रश्नावर आहे. कच्च्या अर्काने ज्या रोगी सुधारत, त्यांना शुद्ध अर्काने गुण येत नव्हता. याचा अर्थ शुद्धीकरणात काहीतरी गाळले जात होते, आणि मुंबईच्या स्त्रीला नेमके तेच हवे होते. यकृतात रक्त घडविणारे एक नव्हे तर दोन भिन्न घटक आहेत, हा या प्रयोगांचा निष्कर्ष. त्यांतील दुसऱ्याला ‘विल्स घटक’ म्हटले जाऊ लागले.

पुढील वाटचाल

१९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी चार टन पालकापासून एक द्रव्य वेगळे केले आणि लॅटिनमधील पर्णवाचक शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव दिले. त्याची कृत्रिम निर्मिती १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत झाली. त्या चमूचे प्रमुख होते भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या भावाचा बळी घेणाऱ्या स्प्रू या रोगावर हेच द्रव्य गुणकारी ठरले. १९४८ मध्ये पर्निशस ॲनिमियाचा खरा घटक म्हणजे जीवनसत्त्व बी-१२ हाती आले, आणि विल्स यांचा दोन घटकांचा तर्क रसायनशास्त्राच्या पातळीवर सिद्ध झाला. विल्स १९६४ मध्ये निवर्तल्या. फोलिक आम्लाचे आणखी एक मोठे कार्य त्यांच्या हयातीनंतर प्रस्थापित झाले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, आधी मज्जारज्जूचे व्यंग असलेले मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या सुमारास फोलिक आम्ल घेतल्यास ते व्यंग पुन्हा होण्याचा संभव ७२ टक्क्यांनी घटतो, असे दिसून आले.

भारत सरकारने १९७० मध्ये पोषणज पंडुरोग प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यातील गरोदर स्त्रीच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल होते. मोठ्या पेशींचा जो पंडुरोग विल्स यांनी पाहिला तो पूर्वीच्या मानाने बराच मागे पडला, हे मान्य केले पाहिजे. एकूण पंडुरोग मात्र हटलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. गोळी आणि ताट यांतील अंतर येथे दिसते. विल्स-तळपदे यांच्या निबंधाचे दोन भाग होते असे कल्पिले, तर त्यातील द्रव्याचा भाग शासनयंत्रणेने उचलला आणि घरातील वाटप, उत्पन्न, भाजीपाल्याची उपलब्धता हा भाग बाजूला राहिला. द्रव्य बाटलीत भरता येते, ताटातला वाटा भरता येत नाही. शिवाय मज्जारज्जू बंद होण्याची क्रिया गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच पुरी होते. लोह-फोलिक आम्लाच्या गोळ्या सर्वसाधारणपणे चौथ्या महिन्यापासून सुरू होतात. म्हणजे व्यंग टाळण्याच्या दृष्टीने तोवर वेळ निघून गेलेली असते.

श्रेयाच्या वाटपाचीही अशीच गत झाली. ‘विल्स घटक’ हे नाव निदान काही वर्षे टिकले. मेहता, तळपदे आणि बिलिमोरिया ही नावे मात्र निबंधांच्या मथळ्याखालीच राहिली. चाळीतल्या किंवा मोहल्ल्यातल्या घरात शिरून, मराठी, गुजराती वा हिंदुस्थानीत बोलून, काल काय शिजले आणि कोणी किती खाल्ले हे विचारण्याचे काम परक्या भाषेच्या संशोधिकेला एकटीने करता आले असते असे संभवत नाही. विल्स यांनी स्वतः या सहकाऱ्यांची नावे आपल्या नावासोबत छापली होती. ती गाळण्याचे काम नंतरच्या चरित्रकथांनी केले. हाफकिन संस्थेच्या आणि मुंबईतील जुन्या प्रसूतिगृहांच्या दप्तरांत या सहकाऱ्यांचा मागोवा घेणे हा महाविद्यालयीन संशोधकांना सहज हाती घेता येण्याजोगा विषय आहे.

विल्स यांनी वेगळे केलेले ते दोन घटक महाराष्ट्रात अलीकडे पुन्हा एकत्र चर्चेत आले आहेत. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा जो अभ्यास चालविला, त्यात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. फोलेटची उणीव मात्र विरळा होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, ज्या मातांच्या रक्तात गर्भारपणी बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता.